संशय पडद्यावर कसा आणावा? : ‘ड्यून’ कादंबरीच्या माध्यमांतराचे अर्धशतक

१

कादंबरीवरून चित्रपट निघाला, की त्याविषयीची चर्चा बहुधा एकाच प्रश्नाभोवती फिरते : चित्रपट मूळ कृतीशी प्रामाणिक आहे काय? पदव्युत्तर वर्गात माध्यमांतर हा घटक शिकवताना दर वर्षी हा प्रश्न येतो आणि विद्यार्थी त्याचे उत्तर यादी करून देतात. कोणते प्रसंग घेतले, कोणते गाळले, कोणती पात्रे एकमेकांत मिसळली. अशी यादी उपयोगी असते; पण तिने प्रश्न सुटत नाही. जब्बार पटेल यांचा ‘सिंहासन’ (१९७९) हा चित्रपट अरुण साधू यांच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या दोन कादंबऱ्यांवर आधारलेला आहे. दोन कादंबऱ्यांचा एक चित्रपट करायचा, तर पटकथाकार विजय तेंडुलकरांना पुष्कळ काही सोडून द्यावे लागले असणार, हे उघड आहे. तरीही साधूंच्या लेखनातील सत्ताकारणाची कडवट जाण चित्रपटात उतरली, असेच आपण मानतो. याचा अर्थ, प्रामाणिकपणा प्रसंगांच्या संख्येवरून मोजता येत नाही. मग तो कशावरून मोजावा?

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी फ्रँक हर्बर्ट (१९२०–१९८६) या अमेरिकन लेखकाच्या ‘ड्यून’ (१९६५) या कादंबरीइतके उद्बोधक उदाहरण क्वचितच सापडेल. ही कादंबरी पडद्यावर आणण्याचे प्रयत्न १९७१ पासून सुरू झाले. त्यांतले काही कागदावरच राहिले, एक पडद्यावर येऊन कोसळला, एक दूरचित्रवाणीवर झाला आणि एक सर्वार्थाने यशस्वी ठरला. या अर्धशतकाच्या काळात कादंबरीभोवती एक समज घट्ट झाला होता : ‘ड्यून’वर चित्रपट होऊच शकत नाही, कारण ती फार मोठी आहे. प्रस्तुत लेखाचे म्हणणे असे, की अडचण आकाराची नव्हतीच. अडचण होती ती कादंबरीच्या नायकाविषयी कादंबरीलाच वाटणाऱ्या संशयाची.

२

या कादंबरीचे मूळ एका वृत्तलेखात आहे. हर्बर्ट व्यवसायाने पत्रकार. १९५७ साली तो ओरेगन राज्यातील फ्लॉरेन्स या किनारपट्टीच्या गावी गेला. सरकते वाळूचे डोंगर रस्ते आणि वस्ती गिळत होते आणि ते थोपवण्यासाठी अमेरिकेच्या कृषी खात्याने विशिष्ट गवताची लागवड करण्याचा प्रयोग चालवला होता. त्या प्रयोगावर लिहायचा लेख कधीच पुरा झाला नाही. मात्र वाळवंट, पाणी, तिथली माणसे आणि वाळवंटात जन्मलेले धर्म यांविषयीचे वाचन वाढत गेले. त्यातून जी कथा निर्माण झाली, ती ‘अ‍ॅनालॉग’ या विज्ञानकथांच्या मासिकात १९६३ ते १९६५ या काळात दोन मालिकांच्या रूपाने प्रसिद्ध झाली. पुस्तकरूपाने ती छापायला सुमारे वीस प्रकाशकांनी नकार दिला. अखेर १९६५ साली चिल्टन या प्रकाशनसंस्थेने ती काढली. ही संस्था प्रसिद्ध होती ती मोटारदुरुस्तीच्या पुस्तिकांसाठी! पुढच्याच वर्षी कादंबरीला नेब्युला आणि ह्युगो हे विज्ञानसाहित्यातील दोन्ही मानाचे पुरस्कार मिळाले.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी कथासूत्र थोडक्यात सांगावे लागेल. दूरच्या भविष्यात मानवजात अनेक ग्रहांवर पसरली आहे आणि तिच्यावर एका सम्राटाचे राज्य आहे. अराकिस या वाळवंटी ग्रहावर ‘स्पाइस’ नावाचा पदार्थ मिळतो. त्याच्यावाचून ताऱ्यांमधला प्रवास अशक्य. हा ग्रह सम्राट एका सरदार घराण्याकडून काढून दुसऱ्याला देतो. या दुसऱ्या घराण्याचे नाव अट्रेडीझ. ग्रीक पुराणकथांतील अत्रेउसच्या शापित कुळाची आठवण त्या नावात मुद्दाम ठेवलेली आहे. ही नेमणूक हा सापळा असतो. सरदार मारला जातो. त्याचा पंधरा वर्षांचा मुलगा पॉल आणि पॉलची आई जेसिका वाळवंटात पळून जातात आणि तेथील फ्रेमेन या मूळ रहिवाशांचा आश्रय घेतात. बाहेरून एक तारणहार येईल, अशी फ्रेमेनांची श्रद्धा. पॉल तो तारणहार होतो, त्यांची सेना उभी करतो आणि सिंहासन मिळवतो.

एवढेच वाचले, तर ही राज्य गमावलेल्या राजपुत्राची परिचित कथा वाटेल. पण हर्बर्टने तिच्या पायाखाली सुरुंग पेरून ठेवलेले आहेत. तारणहाराची भविष्यवाणी दैवी नाही. बेने गेसेरिट या सत्ताकांक्षी स्त्रीसंघाने अडचणीच्या वेळी उपयोगी पडावी, म्हणून ती दंतकथा पिढ्यांपूर्वी तिथे रुजवून ठेवली होती. जेसिका त्याच संघाची. तिला हे ठाऊक आहे आणि ती त्या श्रद्धेचा उपयोग करून घेते. पॉलला भविष्य दिसते. आपल्या नावाने विश्वभर धर्मयुद्ध पेटणार आणि असंख्य माणसे मरणार, हेही दिसते. ते टाळावे म्हणून तो धडपडतो आणि प्रत्येक पावलागणिक त्याच दिशेने ओढला जातो. फ्रेमेनांचा नेता स्टिल्गार हा आधी त्याचा मित्र असतो. तोच पुढे केवळ भक्त झालेला पाहून पॉलला आपण काहीतरी गमावल्याची जाणीव होते. फ्रेमेनांमध्ये राहणारा शास्त्रज्ञ काइन्झ वाळवंटात मरत असताना त्याला आपल्या मृत पित्याचा आवाज ऐकू येतो आणि तो आवाज त्याला बजावतो, की एखाद्या लोकसमूहाच्या वाट्याला येणारे सर्वांत भयंकर संकट म्हणजे नायकाच्या हाती सापडणे. कादंबरीचे मर्म यात आहे.

हे मर्म सांगण्यासाठी हर्बर्टने दोन युक्त्या वापरल्या आणि दोन्ही खास गद्याच्या आहेत. पहिली, पात्रांची मनोगते. एका प्रसंगात दहा माणसे बोलत असली, तर त्या दहांच्या मनात काय चालले आहे ते आपल्याला वाक्यागणिक कळते. उच्चारलेला शब्द आणि मनातला हेतू यांतली फट सतत दिसत राहते. दुसरी, प्रत्येक प्रकरणाच्या आरंभी येणारी अवतरणे. ही बहुतेक अवतरणे राजकन्या इरुलान हिने पुढे केव्हातरी लिहिलेल्या ग्रंथांतली आहेत. म्हणजे कथा घडत असतानाच तिचा इतिहास, तिची पोथी कशी झाली, हे आपण वाचत असतो. ही इरुलान प्रत्यक्ष भेटते ती अगदी शेवटी. पॉल तिच्याशी राजकीय विवाह करतो आणि त्याची सखी चानी हिला पत्नीपद मिळत नाही. आपण ज्या स्त्रीच्या लेखणीतून ही गाथा ऐकत आलो, ती त्या गाथेत एक सोंगटी होती, हे कळल्यावर मागची सारी अवतरणे पुन्हा वाचावीशी वाटतात. घरभेदी कोण, हेही हर्बर्ट आरंभीच सांगून टाकतो. रहस्याची उत्कंठा त्याला नको आहे. अटळपणाची जाणीव हवी आहे.

तरीही अनेक वाचकांनी पॉलला निखळ नायकच मानले. हर्बर्टने ‘ड्यून मसाया’ (१९६९) हा पुढचा भाग लिहून विजयी नायकाचे रितेपण दाखवले, तेव्हा ‘ड्यून’ छापणारा ‘अ‍ॅनालॉग’चा संपादक जॉन डब्ल्यू. कॅम्बेल याने तो नाकारला; त्याला नायकाची अशी अवस्था रुचली नाही. ‘मसाया’ मग ‘गॅलक्सी’ या दुसऱ्या मासिकात क्रमशः आला. महाभारताचे संस्कार असलेल्या आपल्या वाचकाला विजयानंतरचा विषाद अपरिचित नाही. युद्ध जिंकलेला युधिष्ठिर आणि आक्रोश करणारी गांधारी आपल्या ओळखीचे आहेत. इरावती कर्वे यांच्या ‘युगान्त’ने (१९६७) तर त्या वीरांकडे माणसे म्हणून पाहायला शिकवले. अमेरिकन लोकप्रिय विज्ञानकथेत मात्र तेव्हा हा स्वर नवा होता. गद्यातही जो संशय अनेकांच्या नजरेतून निसटला, तो कॅमेऱ्याला कसा पकडता येणार? कारण कॅमेऱ्याचा स्वभावच असा, की तो ज्याच्या मागे चालतो त्याला मोठे करतो.

३

१९७१ साली चित्रपटाचे हक्क घेतले ते ‘प्लॅनेट ऑफ द एप्स’चा निर्माता आर्थर पी. जेकब्ज याने. दिग्दर्शक म्हणून विचारणा झाली डेव्हिड लीनला. ही निवड सूचक होती. लीनच्या ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ने (१९६२) वाळवंटातला परका नेता आणि त्याच्या मागे जाणाऱ्या टोळ्या हाच विषय मांडला होता आणि त्या नायकाविषयी संशयही जागा ठेवला होता. लीनने नकार दिला. पुढे १९७३ मध्ये जेकब्जच वारला आणि तो प्रयत्न तेथेच थांबला.

त्यानंतर हक्क एका फ्रेंच गटाकडे गेले आणि चिलीत जन्मलेला, पॅरिसमध्ये राहणारा दिग्दर्शक आलेहांद्रो होदोरोव्स्की याने हे काम हाती घेतले. ‘एल तोपो’ (१९७०) आणि ‘द होली माउंटन’ (१९७३) या विक्षिप्त, गूढवादी चित्रपटांमुळे तो प्रसिद्धीला आला होता. निर्माता मिशेल सेदू याच्या पाठबळावर त्याने जी मंडळी जमवली, तिची नुसती नावे वाचूनही थक्क व्हायला होते. सम्राटाच्या भूमिकेसाठी चित्रकार साल्वादोर दाली, खलनायक बॅरनसाठी ऑर्सन वेल्स, संगीतासाठी पिंक फ्लॉइड. दृश्यांची सुमारे तीन हजार रेखाटने मोबियस या टोपणनावाने काम करणाऱ्या जाँ जिरो या फ्रेंच चित्रकथाकाराने केली. अंतराळयाने ख्रिस फॉसने रेखाटली आणि हार्कोनेनांच्या भयाण जगाची कल्पनाचित्रे एच. आर. गिगरने काढली.

होदोरोव्स्कीने संशयाचा प्रश्न उडवूनच लावला. त्याच्या पटकथेत पॉलचा अखेरीस वध होतो, पण त्याची जाणीव सर्वांमध्ये पसरते, प्रत्येक जण पॉल होतो आणि अराकिस हिरवागार होऊन विश्वात संचार करू लागतो. हर्बर्टला तारणहाराची भीती वाटत होती. होदोरोव्स्कीला तारणहार हवा होता. त्याने हे लपवलेही नाही. मूळ कृतीशी इमान राखण्यात त्याला रस नव्हता आणि आपल्या चित्रपटातून प्रेक्षकांची जाणीव बदलावी, ही त्याची आकांक्षा होती. हॉलिवूडच्या स्टुडिओंनी रेखाटनांचे कौतुक केले, पण पैसा दिला नाही. चित्रपट झालाच नाही.

तरी या न झालेल्या चित्रपटाला इतिहासात जागा आहे. त्यावर काम केलेले लेखक डॅन ओबॅनन, गिगर, फॉस आणि मोबियस हे सारे पुढे रिडली स्कॉटच्या ‘एलियन’मध्ये (१९७९) एकत्र आले. होदोरोव्स्की आणि मोबियस यांनी आपल्या कल्पना ‘अँकाल’ या चित्रकथामालेत वळवल्या. फ्रँक पाविचने २०१३ साली या साऱ्यावर ‘होदोरोव्स्कीज ड्यून’ हा माहितीपट केला. रेखाटनांच्या जाडजूड ग्रंथाची एक प्रत २०२१ मध्ये पॅरिसच्या लिलावात २६ लाख युरोंहून अधिक किमतीला गेली. ती घेणाऱ्या गटाला त्यावरून नव्या कलाकृती काढायच्या होत्या; प्रत विकत घेतल्याने कलाकृतीचे हक्क मिळत नाहीत, हे जगाने त्यांना मग समजावून सांगितले. न झालेल्या चित्रपटालाही अशी दंतकथेची किंमत येते. तारणहारांच्या दंतकथांवरच्या कादंबरीच्या वाट्याला हे यावे, यात एक गंमत आहे.

४

१९७६ मध्ये हक्क इटालियन निर्माता दिनो दे लॉरेन्तिस याच्याकडे आले. त्याने पटकथा लिहायला सांगितली खुद्द हर्बर्टलाच. मूळ लेखकाहून अधिक प्रामाणिक कोण असणार? पण १७५ पानांची, सुमारे तीन तासांची ती पटकथा स्वीकारली गेली नाही. मग रिडली स्कॉट आला, काही महिने त्याने काम केले, भावाच्या मृत्यूनंतर ते सोडले आणि तो ‘ब्लेड रनर’कडे वळला. अखेरीस ‘द एलिफंट मॅन’चा (१९८०) दिग्दर्शक डेव्हिड लिंच याच्यावर जबाबदारी आली. निर्मितीची सूत्रे दिनोची मुलगी राफाएला हिच्याकडे होती. १९८३ मध्ये मेक्सिको सिटीतील चुरुबुस्को स्टुडिओत चित्रण सुरू झाले. खर्च चार कोटी डॉलरांच्या घरात गेला. पहिले ढोबळ संकलन चार तासांहून मोठे होते. डिसेंबर १९८४ मध्ये प्रदर्शित झालेला चित्रपट १३७ मिनिटांचा होता. अमेरिकेत त्याचे उत्पन्न सुमारे तीन कोटी डॉलर झाले. प्रेक्षकांना कथा कळावी, म्हणून काही चित्रपटगृहांत तिकिटाबरोबर शब्दार्थांचा छापील कागद वाटला गेला. चित्रपट बघण्यासाठी शब्दकोश लागावा, यापेक्षा बोलका पराभव कोणता?

लिंचचा चित्रपट पाहताना त्याने मूळ कृतीला सोडले, असे मात्र म्हणता येत नाही. उलट कादंबरीच्या त्या दोन्ही युक्त्या त्याने जशाच्या तशा उचलल्या. चित्रपटाचा आरंभ इरुलानच्या निवेदनाने होतो. पात्रांची मनोगते कुजबुजत्या आवाजात ऐकू येतात. पण कादंबरीत मनोगतामुळे उच्चार आणि हेतू यांत फट पडत होती. इथे नटाच्या चेहऱ्यावर दिसणारी गोष्टच आवाज पुन्हा सांगतो. इरुलानचे निवेदन नायकाची पोथी कशी घडते हे दाखवत नाही, केवळ माहिती पुरवते. साधन तेच राहिले, पण त्याचे काम बदलले.

शेवट तर पूर्ण उलटा. लिंचच्या चित्रपटात विजयी पॉल अराकिसवर पाऊस पाडतो. कादंबरीत अराकिसला हिरवे करण्याची योजना कित्येक पिढ्यांची आहे. शिवाय स्पाइस निर्माण होतो तो वाळवंटातल्या प्रचंड वाळूकिड्यांच्या जीवनचक्रातून आणि या किड्यांना पाणी विषासारखे. अचानक पाऊस पडला, तर किडे मरतील, स्पाइस संपेल आणि साऱ्या साम्राज्याचा आधारच नाहीसा होईल. हर्बर्टने चित्रपटाच्या दृश्यरूपाची प्रशंसा केली. पण पॉल हा देव होऊ पाहणारा माणूस होता, पाऊस पाडणारा देव नव्हता, असा आक्षेपही त्याने नोंदवला. हा आक्षेप एका प्रसंगापुरता नाही. पाऊस पडताक्षणी भविष्यवाणी खरी ठरते, बेने गेसेरिटची लबाडी ईश्वरी संकेत बनते आणि संशयाला जागाच राहत नाही. चित्रपटात पॉलचे सैनिक आवाजाचे शस्त्र वापरतात आणि पॉलचे नावच उच्चारून शत्रूला मारतात. कादंबरीत ते नाव धर्मयुद्धाची आरोळी होते, म्हणून ते मारक. इथे ते यंत्रातून अक्षरशः मारक झाले. रूपकाचे हत्यार झाले आणि अर्थ गळून गेला.

या साऱ्याचा दोष एकट्या लिंचच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. अंतिम संकलनाचा अधिकार त्याच्याकडे नव्हता. १९८८ मध्ये दूरचित्रवाणीसाठी लांबवलेली प्रत निघाली, तेव्हा त्याने आपले नाव काढून घेतले आणि दिग्दर्शक म्हणून ‘अ‍ॅलन स्मिदी’ हे टोपणनाव झळकले. २०२५ मध्ये त्याचे निधन झाले. तोवर या चित्रपटाकडे तो दुखऱ्या जागेसारखाच पाहत आला. शिवाय ‘स्टार वॉर्स’ (१९७७) येऊन सात वर्षे झाली होती. वाळवंटी ग्रहावरचा होतकरू तरुण आणि दुष्ट साम्राज्य यांची साधी, उत्साही कथा प्रेक्षकांच्या अंगवळणी पडली होती. त्या बाजारात नायकावर संशय घेणारा चित्रपट कोणता निर्माता मागणार होता?

५

अडचण आकाराची असती, तर ती दूरचित्रवाणीवर सुटायला हवी होती. २००० साली अमेरिकेतील साय-फाय वाहिनीने जॉन हॅरिसन लिखित-दिग्दर्शित तीन भागांची मालिका केली. तिची लांबी सुमारे साडेचार तास. चित्रण प्राग येथे झाले आणि छायालेखन व्हित्तोरियो स्तोरारो या नामवंत कलावंताचे. मालिकेला छायालेखनासाठी आणि दृश्य परिणामांसाठी एमी पुरस्कार मिळाले. कादंबरीतले राजकारण इथे बरेचसे शाबूत आहे. आगमनानंतरची मेजवानी, जिच्यात प्रत्येक पाहुणा दुसऱ्याला जोखत असतो, तीही आहे. इरुलानला तर स्वतंत्र भूमिका मिळाली.

प्रसंगांची यादी हाच निकष असेल, तर ही मालिका सर्वांत प्रामाणिक म्हणावी लागेल. पण ती बघून उठताना कथा समजल्याचे समाधान होते. मनात भय उरत नाही. स्टुडिओतल्या रंगवलेल्या पडद्यांपुढचे वाळवंट माणसाला खुजे करत नाही. जे लोक या वाळवंटात कसेबसे जगतात, ते तारणहाराच्या कल्पनेला का चिकटतात, हे त्या वाळवंटाच्या क्रौर्यावाचून पटत नाही. अवकाश वाढला, मजकूर वाढला. पण दृश्यातून निर्माण व्हायचा अर्थ त्या प्रमाणात वाढला नाही.

त्यानंतर पॅरामाउंट कंपनीने २००८ पासून नव्या चित्रपटाची खटपट केली, एकामागून एक दोन दिग्दर्शक नेमले आणि २०११ मध्ये तो नाद सोडला.

६

२०१६ मध्ये लेजंडरी कंपनीने हक्क मिळवले आणि कॅनडातील दिग्दर्शक दनी व्हिलनव्ह याची निवड झाली. कादंबरी त्याने किशोरवयातच वाचली होती. एका चित्रपटात ती मावणार नाही, असे त्याने आधीच ठरवले आणि पहिला चित्रपट अर्ध्यावर थांबवला. दुसऱ्या भागाची हमी तेव्हा नव्हती. करोनाच्या साथीमुळे लांबलेला पहिला भाग (१५५ मिनिटे) २०२१ मध्ये चित्रपटगृहांत आणि अमेरिकेत त्याच वेळी घरगुती पडद्यावरही आला. त्यानंतर काही दिवसांतच दुसऱ्या भागाला मंजुरी मिळाली. पहिल्या भागाने सहा ऑस्कर मिळवले. दुसरा भाग (१६६ मिनिटे) २०२४ मध्ये आला आणि जगभरात त्याने ७० कोटी डॉलरांहून अधिक उत्पन्न मिळवले.

दोन्ही भाग मिळून ३२१ मिनिटे. इतका अवकाश मिळूनही व्हिलनव्हने गाळलेल्या गोष्टी पुष्कळ आहेत. मेजवानी नाही. मनोगते जवळजवळ नाहीत. मरणाऱ्या काइन्झला ऐकू येणारा पित्याचा इशारा नाही; काइन्झ इथे स्त्री आहे आणि तिचा मृत्यू निराळा आहे. कादंबरीतला दोन वर्षांचा काळ काही महिन्यांवर आला आणि त्यामुळे पॉलची बहीण आलिया अखेरपर्यंत आईच्या गर्भातच राहिली. कादंबरीने १९६५ साली ‘जिहाद’ हा अरबी शब्द मोकळेपणाने वापरला होता. चित्रपटाने त्याच्या जागी ‘पवित्र युद्ध’ अशा अर्थाचा इंग्रजी शब्दप्रयोग केला आणि त्यावर टीकाही झाली. ती टीका निराधार नव्हती. कादंबरीतील भाषा, धर्म आणि वेश यांचा अरबी-इस्लामी जगाशी असलेला संबंध चित्रपटात पुसट झाला आहे.

मग व्हिलनव्हने राखले काय? त्याचे उत्तर पहिल्या काही मिनिटांतच मिळते. लिंचचा चित्रपट इरुलानच्या, म्हणजे राजकन्येच्या आवाजाने सुरू होतो. व्हिलनव्हचा पहिला भाग सुरू होतो चानीच्या निवेदनाने. आजवरचे जुलूम करणारे गेले, आता पुढचे कोण येणार, असा तिचा सवाल आहे. पुढच्याच दृश्यात आपल्याला झोपलेला पॉल दिसतो. प्रश्नाचे उत्तर दिग्दर्शकाने एका जोडणीत देऊन टाकले. जे काम गद्यात अवतरणे करत होती, ते इथे संकलनाने केले.

दुसऱ्या भागात इरुलानचा आवाज येतो, तोवर तिचे स्थान ठरलेले आहे : ती सत्ताधाऱ्यांच्या बाजूने नोंद करते आहे. नायकावरचा संशय चानीकडे दिला गेला आहे. कादंबरीतली चानी पॉलच्या पाठीशी निष्ठेने उभी असते. चित्रपटातली चानी भविष्यवाणीवर विश्वास न ठेवणाऱ्या तरुण फ्रेमेनांपैकी आहे. ही दंतकथा आम्हाला गुलाम करण्यासाठी आहे, हे ती उघड बोलते. उत्तरेकडचे साशंक आणि दक्षिणेकडचे कडवे श्रद्धाळू, अशी फ्रेमेनांची विभागणीही चित्रपटाचीच. स्टिल्गारची अढळ श्रद्धा आरंभी हसू आणते. पॉलच्या प्रत्येक नकारातही त्याला तारणहाराचीच खूण दिसते. पुढे तेच हसू घशात अडकते. कादंबरीच्या अखेरीस जेसिका चानीची समजूत घालते. चित्रपटाच्या अखेरीस सारे गुडघे टेकत असताना चानी तिथून निघून जाते आणि शेवटचे दृश्य तिच्या चेहऱ्याचे आहे. हा शेवट कादंबरीत नाही. तरीही हर्बर्टला जे ‘मसाया’ लिहून स्वतंत्रपणे सांगावे लागले, ते या एका चेहऱ्यात येते. वाचकांनी पॉलला नायक मानल्याने लेखक निराश झाला होता आणि आपल्याला त्याच्या मूळ हेतूच्या जवळ जायचे होते, असे व्हिलनव्हने मुलाखतींतून सांगितले आहे. ‘मसाया’वरचा तिसरा चित्रपट त्याने हाती घेतला, तोही याच तर्काने.

अर्थात या यशालाही एक मर्यादा आहे. कादंबरीतला संशय पॉलच्या आत राहतो. तो जाणतो, घाबरतो आणि तरीही थांबू शकत नाही. शोकात्मिका आहे ती या जाणतेपणात. चित्रपटात दुसऱ्या भागाच्या उत्तरार्धात पॉलचे मन आपल्यासाठी जणू बंद होते आणि संशय बाहेरून, चानीच्या नजरेतून येतो. जाणत्या माणसाचे दुःख मागे पडून फसवल्या गेलेल्या माणसाचा राग पुढे येतो. शिवाय पॉल वाळूकिड्यावर पहिल्यांदा स्वार होतो, तेव्हा अंधारात बसलेला प्रेक्षक, मग तो कितीही सावध असो, त्याच्याबरोबर उचलला जातोच. दिग्दर्शकाला हे ठाऊक आहे. तो आधी आपल्याला भक्त करतो आणि मग चानीचा चेहरा दाखवतो. हा डाव प्रत्येक प्रेक्षकावर साधतो, असे म्हणवत नाही. पण पुस्तकही प्रत्येक वाचकावर साधले नव्हते.

७

आता आरंभीच्या प्रश्नाकडे येऊ. होदोरोव्स्कीने कादंबरीला केवळ निमित्त केले. हर्बर्टला स्वतःच्या कादंबरीची स्वीकारार्ह पटकथा देता आली नाही. लिंचने शब्द घेतले आणि त्यांचा स्वर हरवला. हॅरिसनने प्रसंग घेतले आणि त्यांतले भय मागे राहिले. व्हिलनव्हने शब्द टाकले, शेवट बदलला, एका प्रमुख स्त्रीपात्राचा स्वभावच पालटला आणि तरी तोच कादंबरीच्या सर्वांत जवळ पोहोचला. कारण कादंबरी काय सांगते यापेक्षा ती आपल्या नायकाकडे कोणत्या नजरेने पाहते, हे त्याने आधी निश्चित केले आणि ती नजर कोणाला द्यायची, हे मग ठरवले. माध्यमांतरात राखायची असते ती ही नजर. प्रसंग येतील आणि जातील.

वर्गात या दोन्ही भागांवर चर्चा झाली, तेव्हा एका विद्यार्थ्याने विचारले, “सर, मग पॉल वाईट आहे का?” उत्तर देण्याआधी दुसरा विद्यार्थी म्हणाला, “वाईट असता तर सोपे झाले असते.” पॉल शूर आहे, प्रेमळ आहे, त्याच्यावर अन्याय झाला आहे आणि त्याच्या लोकांना खरोखरच मुक्ती हवी आहे, म्हणूनच तो धोकादायक आहे. लोक दुष्टापासून सावध असतात. सावधपणा सुटतो तो आवडत्या माणसासमोर. ज्या समाजात नेत्यांच्या तसबिरींना हार चढतात आणि त्यांच्याविषयी प्रश्न विचारणाऱ्याकडे रोखून पाहिले जाते, तिथे हे कळायला दूरच्या ग्रहावर जावे लागू नये. पण कधी कधी दूर गेल्यावरच जवळचे दिसते. हर्बर्टने त्यासाठी चारशेहून अधिक पाने खर्ची घातली, आणि सिनेमाला ते दाखवता यायला अर्धशतक लागले.